मिसळ राहू द्या, तेल मोजा

'हेल्दी' या शब्दाचा मी थोडा धसकाच घेतला आहे. इथल्या मराठी घरांत तो शब्द शिरला की मिसळ जाते आणि सॅलड येते. घरचे चार दिवस निमूटपणे ते खातात आणि पाचव्या दिवशी टेकअवेला फोन जातो. माझे म्हणणे एवढेच की आवडीचा पदार्थ हद्दपार करू नये. त्याचा हिशेब मांडावा आणि जे जड आहे तेवढेच कमी करावे.

हा हिशेब आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरजेचा आहे. लंडनच्या साउथॉल भागातल्या पाहणीचे निष्कर्ष १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यात दक्षिण आशियाई पुरुषांत साधारण पाचांतल्या एकाला मधुमेह आढळला. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा चार-पाच होते. आपल्या लोकांची चरबी पोटाभोवती साठते, हेही त्यात दिसले. पुढे २०१३ साली 'नाइस' या संस्थेने आपल्यासाठी बी.एम.आय.ची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरायला सांगितले. माझा बी.एम.आय. २४ आहे. मला कोणी जाड म्हणणार नाही. तरी गेल्या वर्षी एचबीए१सी ४३ निघाला. ४८ ला मधुमेह धरतात आणि ४२ पासून त्याचा उंबरठा सुरू होतो. वय पस्तीस, काम दिवसभर संगणकासमोर बसून, वडिलांना मधुमेह, आणि घरात दोन वर्षांची मुलगी. तेव्हा स्वयंपाकघरात वजनकाटा आला.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम हळू चालला तर तो कुठे अडतो ते आधी मोजतात, मग हात लावतात. मिसळीचेही तसेच केले. चौघांच्या मिसळीत पळीने पडणारे तेल मोजले, तर १२० मिली भरले. म्हणजे आठ मोठे चमचे. एका चमच्यात सुमारे १२० कॅलरी, म्हणजे माणशी २४० नुसत्या तेलाच्या! बिचाऱ्या मटकीचा यात काहीच दोष नाही. प्रथिने आणि चोथा तिच्यातूनच मिळतो, म्हणून ती आम्ही वाढवली.

आता तर्री. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नीट उतरत नाही. त्यामुळे तेल खूप लागते असे नाही, ते योग्य वेळी लागते. दोन चमचे तेल तापवून आच बंद करावी, किंचित निवले की काश्मिरी मिरचीपूड घालावी आणि ही तर्री अगदी शेवटी वरून सोडावी. कांदा ग्रिलखाली आणि खोबरे तव्यावर कोरडेच भाजावे. फोडणीला एक चमचा धरून एकूण तीन चमचे झाले, माणशी ९० कॅलरी. पाहुण्यांना फरक कळला नाही. (आईला कळला, पण तिने दुसऱ्यांदा वाढून घेतले.)

खरा चोर फरसाण निघाला. शंभर ग्रॅममध्ये पाचशेच्या वर कॅलरी, आणि आपला हात काही शंभर ग्रॅमला थांबतोच असे नाही! तर्रीत वाचवलेले सारे तिथे जाते. आम्ही भाजलेले कुरमुरे घालतो आणि वर चमचाभर शेव. शेव अजिबात नको म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. पाव दोनांऐवजी एक.

सगळेच पदार्थ असे सुधारत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एअर फ्रायर घेतल्यापासून अनेक घरांत साबुदाणा वडा बिनदिक्कत होऊ लागला आहे. तेल वाचते हे खरे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि ते कुठल्याही यंत्रात साखरेसारखेच रक्तात उतरते. एकादशी अन् दुप्पट खाशी, ती आता यंत्राच्या भरवशावर! बटाटेवड्याचे तर बोलूच नका; भाजलेल्याला आई 'आजाऱ्याचा वडा' म्हणते. माझ्या मते वडा वर्षातून तीन-चारदा करावा आणि नीट तळावा.

फरक पडतो तो रोजच्या पोळीत. इथे कणकेच्या पिशवीवर 'मीडियम' लिहिलेले असते, तिच्यातला बराच कोंडा काढलेला असतो. 'होलमील' लिहिलेली पिशवी शेजारीच असते आणि किंमतही फारशी वेगळी नसते. ज्वारीचे पीठ वेम्ब्लीला, लेस्टरला सहज मिळते. 'जुवार' म्हणून विचारावे.

इंग्लंडमध्ये एन.एच.एस.ची मोफत आरोग्य तपासणी चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात, दर पाच वर्षांनी मिळते. मधुमेह किंवा हृदयविकार आधीच असेल तर त्याची तपासणी वेगळी होते. चाळिशीच्या आतल्यांना बोलावणे येत नाही. घरात कोणाला मधुमेह असेल तर आपणच जी.पी.च्या सर्जरीत फोन करून एचबीए१सीबद्दल विचारावे, आणि आई-वडिलांच्या मधुमेहाचे बोलणे पहिल्याच वाक्यात करावे.