रॉडखालची जमीन

घरात व्यायामाचं सामान आणायचं ठरलं की सगळी चर्चा रॉड आणि प्लेटांपाशी घुटमळते. रॉड २० किलोचा घ्यायचा की हलका, प्लेटा लोखंडी की रबरी, घडीचा बेंच चालेल का. हे सगळं ज्या फरशीवर येणार, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आपल्या तालमींत नेमकं उलट असतं. तिथे आधी हौदा, मग मल्ल. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवायची आणि रोज उकरून भुसभुशीत करायची, कारण दबून बसलेल्या मातीवर पडणाऱ्याला लागतं. पडणारा भार जमिनीनं कसा झेलायचा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फ्लॅटमध्ये जिम थाटताना ते विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

घरच्यांना पहिली धास्ती असते स्लॅबची. ती बहुधा अनाठायी असते. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा वापराचा भार धरून आखतात. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर, म्हणजे एकूण दोन टनांच्या वर. कपाट, पलंग आणि माणसं धरूनही रॅक आणि दीडशे-दोनशे किलोच्या प्लेटा त्यात सहसा बसतात. मात्र सगळं लोखंड खोलीच्या मधोमध रचू नका, बीम असलेल्या भिंतीकडेला ठेवा. गॅलरीत तर नकोच. तो बाहेर काढलेला स्लॅब असतो आणि जुन्या इमारतींत पावसाचं पाणी मुरून आतली सळई गंजलेली असू शकते. इमारत जुनी असेल, छताला ओल असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

ठेवलेल्या वजनापेक्षा पडलेलं वजन घातक. १०० किलोचा रॉड एक मीटरवरून सुटला आणि एका सेंटीमीटरात थांबला, तर सरासरी सुमारे १० टनांचा दणका बसतो. तोच पाच सेंटीमीटरांत थांबला तर दणका दोन टनांवर येतो. फरशीचं सारं रक्षण या चार सेंटीमीटरांत आहे.

व्हिट्रिफाइड टाइल कडक असते, पण ठिसूळही. खाली माल नीट भरलेला असेल तर ती पुष्कळ सोसते. जिथे पोकळी राहिली तिथे एक डंबेल निसटला तरी तडकते. म्हणून जागा ठरवण्याआधी नाण्यानं एकेक टाइल ठोकून पाहा. आवाज बसका आला तर ठीक, पोकळ आला तर ती जागा सोडा.

वर काय घालायचं? १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन थर, वरच्याचे सांधे खालच्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे, आणि त्यावर २० मिलिमीटरची घट्ट रबर मॅट. प्लायवूड दणका पसरवतं, रबर तो मुरवतं. एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत फोमच्या चौकटी योगासनांना छान आहेत, पण स्क्वॉट मारताना त्या पायाखाली दबतात आणि घोटा डळमळतो. व्हिनाइलच्या फरशीवर रबर थेट अंथरू नका, पिवळट डाग पडतात आणि ते निघत नाहीत. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत साधं प्लायवूड फुगतं, म्हणून मरीन ग्रेडचंच घ्या. पावसाळ्याआधी आणि नंतर सगळं उचलून खाली ओल आणि वाळवी बघा.

इतकं करून टाइल वाचते. खालच्या घरात जाणारा धप्प आवाज मात्र पूर्ण थांबत नाही. तो कॉन्क्रीटमधून जातो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फ्लॅटमध्ये रॉड टाकायचा नाही. डेडलिफ्ट जितक्या ताब्यात उचललात तितक्याच ताब्यात खाली ठेवा. क्लीन अँड जर्क आणि स्नॅचसाठी जिम गाठा. स्पर्धेत त्यांच्यासाठी चार बाय चार मीटरचा खास मंच असतो, तो उगाच नाही.

सगळं मांडून झालं की घरातल्या कुणाला तरी रॉड उचलायला सांगा आणि स्वतः खालच्या काकूंकडे जाऊन उभे राहा. त्यांच्या घरात काय ऐकू येतं ते कळलं की वेळाही त्यांनाच विचारून ठरवा. दुपारी आजोबा झोपतात का, तान्हं बाळ आहे का, दहावीची परीक्षा आहे का. त्या वेळेत रॉडला हात लावायचा नाही.