पोटाची हाक

पोट बिघडले की आपण औषध शोधतो. बिघाडाचे कारण शोधत नाही. रात्री चूर्णाची फक्की मारावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच वागावे, असा क्रम कित्येक घरांत वर्षानुवर्षे चालतो. त्याने तात्पुरता आराम पडतो. परंतु दुखण्याचे मूळ तसेच राहते, असे मला वाटते.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणूंची वस्ती असते. अन्नातील जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यातील बराचसा भाग त्यांचे अन्न असतो. त्यापासून ते जी आम्ले तयार करतात, त्यांतून आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार २००० उष्मांकांच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू या साध्या पदार्थांतून ते मिळतात. आपण मात्र पीठ बारीक चाळून कोंडा टाकून देतो आणि मैद्याच्या बिस्किटांवर भूक भागवतो!

आहाराइतकेच महत्त्व वेळेला आहे. काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर थोडा निवांतपणा असावा. शौचाची जाणीव वारंवार दाबून ठेवली, तर आतडे मलातील पाणी शोषत राहते आणि मल कठीण होतो.

परंतु हा निवांतपणा सर्वांच्या वाट्याला येतो का? शेतात, बांधकामावर, बाजारात राबणाऱ्या अनेक स्त्रिया शौचालयाअभावी ही जाणीव दिवसभर दाबून ठेवतात. जावे लागू नये म्हणून पाणीही कमी पितात. त्यांना नुसता चांगल्या सवयींचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. कामाच्या जागी स्वच्छ शौचालय आणि पिण्याचे पाणी मिळणे, हा त्यांच्या आरोग्याचा हक्क आहे.

मलातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडेच जावे. एरवी घास नीट चावावा, चोथायुक्त अन्न हळूहळू वाढवावे, पुरेसे पाणी प्यावे, थोडे चालावे. यासाठी फारसा खर्च येत नाही. मात्र पोटाची हाक ऐकण्याइतकी सवड आपण स्वतःला आणि आपल्याबरोबर राबणाऱ्यांनाही दिली पाहिजे.