मूळ रंग एकदाच लागतो



मागील महिन्यात कारंजा (लाड) येथील एका स्नेह्यांकडे जाणे झाले. कापसाचा जुना व्यापार, मोठा वाडा, आणि वाड्याच्या मागील शेडमध्ये 1968 सालची फियाट 1100 डिलाइट. स्नेह्यांच्या कैलासवासी वडिलांनी ती हौसेने घेतली होती. फिकट निळा रंग टपावर विटला आहे. चालकाच्या दारावर, जेथे त्यांचा कोपर टेकत असे, तेथे तर रंग जाऊन खालचे अस्तर दिसते.

मुंबईच्या एका संग्राहकाने फोनवर एकच प्रश्न विचारला होता : रंग मूळचा आहे का? मूळचा असल्यास तो बरीच अधिक किंमत देण्यास तयार होता. स्नेह्यांचे चिरंजीव मला म्हणाले, "काका, गॅरेजवाला पंधरा दिवसांत हुबेहूब कंपनीसारखा रंग मारून देतो म्हणतो. मग मूळचाच आहे असे सांगितले तर कोणाला कळणार आहे?"

प्रथम व्यवहाराचे उत्तर दिले : कळते. कारखान्यात रंग लागतो तो मोटारीच्या उघड्या सांगाड्याला. काचा, रबर, वायरी, गाद्या काहीही बसवलेले नसते. त्यामुळे अस्तर आणि रंग भट्टीत शंभर अंशांहून अधिक तापमानाला भाजता येतो. तयार गाडी तशी भट्टीत घातली तर रबर आणि वायरी जळतील. म्हणूनच मागाहून दिलेला रंग कितीही सुबक असला तरी तो कारखान्यातील रंग होत नाही.

जाणकार मनुष्य दाराच्या रबराखाली, डिकीतील स्टेपनीच्या जागी, डॅशबोर्डच्या मागे पाहतो. रबराच्या कडेवर रंगाचे तुषार दिसले की गाडी पुन्हा रंगवली आहे हे उघड होते. शिवाय रंगाची जाडी मोजण्याचे हातात मावणारे यंत्र असते. कारखान्यातील रंगाचा थर साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो. वर दुसरा रंग चढला की आकडा 200 च्या पुढे जातो, आणि खाली पुटी भरलेली असेल तर कित्येक पट वाढतो.

यानंतरचे उत्तर धर्माचे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील पाचवा म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, नकली वस्तू असली म्हणून खपविणे. तुपात भेसळ करणारा आपल्याला दोषी वाटतो. नव्या रंगाला जुना म्हणणारा त्याहून वेगळा कसा?

या गाडीच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट जाणवते. ती मुंबईत कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झाली, तो कारखाना उभारला सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी. कंपनीची स्थापना 1944 ची. आपल्याच समाजातील एका व्यापाऱ्याने, परदेशी राज्य असताना, मोटार येथे बनवण्याचा ध्यास घेतला. पुढे 1974 मध्ये हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचली. त्या कारखान्यातील कामगारांच्या हातचा रंग आज ज्या थोड्या गाड्यांवर टिकून आहे, त्या गाड्या म्हणजे या उद्योगाच्या इतिहासाचे कागदपत्रच होत.

आणि कागदपत्र कसे जपावे हे कारंज्याला कोणी शिकवायला नको. येथील ग्रंथभांडारांतील पोथ्यांच्या आधारे डॉ. हीरालाल जैन यांनी 1933 मध्ये पुष्पदंतांचे 'णायकुमारचरिउ' संपादित केले. पाठ शुद्ध करायचा म्हणून कोणी पोथीवर नवी शाई फिरवत नाही. पाठभेद वेगळे नोंदवले जातात. बँकेतही आम्हांला हेच शिकवले होते. खातेवहीत चूक झाली तर खरवडायचे नाही. एक रेघ ओढून शेजारी खरी नोंद करायची आणि सही करायची.

आमचे बोलणे स्नेह्यांच्या मातोश्री ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिथला रंग ह्यांच्या कोपराने गेला आहे. तो झाकायचा कशाला? आणि डावीकडचे मडगार्ड मूळ रंगाचे नाही, तेही सांगून टाका. बैलगाडीचा धक्का लागला होता, तेव्हा अकोल्याला रंगवून आणले होते."

चिरंजीवांनी त्याच सायंकाळी संग्राहकाला लेखी कळवले : एक मडगार्ड पुन्हा रंगवलेले, बाकी रंग मूळचा, झिजलेला. गृहस्थ आले, यंत्र लावून पाहिले. लिहिले होते तसेच निघाले. त्यांनी मडगार्डापोटी काही रक्कम कमी सांगितली, पण बाकी गाडीविषयी एकही प्रश्न केला नाही. गाडी द्यायची की ठेवायची, हे घरात अजून ठरलेले नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांच्यासाठी थोडे. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, ओरखडे पडतात. सावलीत, भरपूर पाण्याने, मऊ सुती कापडाने धुवावी. पॉलिश आधी कोपऱ्यात करून पाहावे; जुन्या रंगावर पारदर्शक थर नसतो, प्रत्येक घासण्याने थोडा रंग फडक्यावर येतो. मेण लावायचे तर मधमाश्यांचे नको. ब्राझीलमधील ताडाच्या पानांचे कार्नोबा मेण मिळते, मात्र डब्यावरील घटक वाचून घ्यावेत. प्लास्टिकचे आच्छादन ओल धरून ठेवते, सुती बरे. पत्राच गंजून भोक पडले असेल तर तेवढा भाग अवश्य दुरुस्त करून रंगवावा. पावती व तारीख मात्र जपून ठेवावी.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली खासगी मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी मात्र चालवता येत नाही.

रंग पुन्हा देता येतो, मूळ रंग पुन्हा देता येत नाही. आपल्या पेढीच्या साखेचेही असेच आहे.

जय जिनेंद्र.