खडूचे पैसे आणि सत्तेची रस्सीखेच

समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदानातून वीज, पाणी, शैक्षणिक साहित्य असा दैनंदिन खर्च भागवणे अपेक्षित आहे. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेसाठी हे अनुदान वर्षाला १० हजार रुपये, म्हणजे महिन्याला साडेआठशेही नाही. त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखीव असते.

ही तुटपुंजी रक्कमही केंद्र-राज्य संघर्षातून सुटलेली नाही. ‘पीएमश्री’ योजनेच्या करारावर स्वाक्षरी न केल्याने तमिळनाडूचा २०२४-२५ मधील समग्र शिक्षेचा सुमारे २,१५२ कोटींचा हिस्सा केंद्राने रोखला. मे २०२५ मध्ये राज्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याआधी मार्चमध्ये दिग्विजय सिंह यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीनेही अशी अडवणूक समर्थनीय नसल्याचे मत नोंदवले होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी योजना जोडण्याचा केंद्राचा आग्रह समजण्यासारखा आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले. परंतु समवर्ती अधिकाराबरोबर समवर्ती जबाबदारीही येते. वाद धोरणाचा असेल, तर तो वाटाघाटींनी सुटावा. दैनंदिन खर्चाचा निधी मात्र त्यातून वेगळा काढून शैक्षणिक वर्षारंभीच शाळांना मिळायला हवा. वीजबिलाची मुदत दिल्लीतील तडजोडीसाठी थांबत नाही.