कलौंजी, हदीस आणि प्रयोगशाळा

रमजान जवळ आला की मोहल्ल्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर कलौंजीची साथ येते. सहरीला मधातून सात दाणे घ्या, शुगर मुळापासून जाईल. तेलाचे थेंब कोमट पाण्यातून घ्या, गाठ विरघळेल. संदेशाच्या सुरुवातीला हदीसचा हवाला असतो, मधे कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचे मोघम नाव असते आणि शेवटी बाटली घरपोच मागवण्यासाठी फोन नंबर असतो.

हे संदेश पुढे पाठवणारे बहुतेक लोक वाईट हेतूने पाठवत नाहीत. त्यांना सवाब मिळवायचा असतो. पण परिणाम हेतूवर ठरत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असाच संदेश वाचून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. तीन महिने त्या नेमाने कलौंजी घेत होत्या. पायाच्या बोटाची जखम भरेना तेव्हा मुलाने दवाखान्यात नेले. शुगर चारशेच्या वर निघाली आणि बोट काढावे लागले. त्यानंतर घरात चर्चा झाली ती त्यांचे यकीन कुठे कमी पडले याची. मला त्या बोटाइतकेच दुःख या चर्चेचे झाले.

म्हणून एक गोष्ट उघडपणे मांडावीशी वाटते. औषधी वनस्पती तपासून पाहणे म्हणजे श्रद्धेवर संशय घेणे नाही. तपासणी ही आपल्याच हकिमांची परंपरा आहे. ती आपण सोडून दिली, म्हणून बाटलीवाल्यांचे फावले.

आधी हदीसविषयी. काळ्या दाण्यात मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर शिफा आहे, या आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. ती मी नाकारत नाही. पण तिचा अर्थ लावताना जुने आलिम आपल्याइतके घाईत नव्हते. इमाम खत्ताबी यांच्यासारख्या भाष्यकारांनी इथले 'प्रत्येक' हे व्यापक शब्दात सांगितलेले मर्यादित विधान मानले आणि ते सर्दी-कफाच्या, थंड प्रकृतीच्या आजारांपुरते घेतले. इब्न खल्दून यांनी तर प्रेषितांच्या काळातील औषधोपचार हा अरबांच्या अनुभवाचा भाग आहे, वह्यचा नाही, असे मत मांडले. खजुराच्या परागीकरणाची हदीसही आपल्याला ठाऊक आहे. प्रेषितांनी (स.) केवळ एक अंदाज व्यक्त केला, लोकांनी त्यावरून परागीकरण थांबवले आणि पीक घटले. तेव्हा, तुमच्या दुनियेचे व्यवहार तुम्हीच अधिक जाणता, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. या साऱ्यात शोध घेण्याची मुभाच नाही, जबाबदारीही आहे.

ही जबाबदारी आपल्या हकिमांनी ओळखली होती. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांच्या 'अल-कानून'च्या दुसऱ्या खंडात औषध पारखण्याचे सात नियम आहेत. औषध मूळ स्वरूपात असावे, बाहेरच्या उष्णतेने किंवा थंडीने त्याचा गुण बदललेला नसावा. ते गुंतागुंतीच्या नाही, एकाच साध्या आजारावर पाहावे. परस्परविरुद्ध आजारांवर वापरून बघावे, म्हणजे गुण खरेच औषधाचा की योगायोगाचा हे कळते. परिणाम किती वेळाने दिसतो हे नोंदवावे. तो सतत किंवा बहुतेकांमध्ये दिसावा, एखाद्यात दिसला तर तो अपघात समजावा. आणि तपासणी माणसाच्या शरीरावर व्हावी, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे दिसते ते माणसात दिसेलच असे नाही. हजार वर्षांपूर्वीचे हे नियम 'माझ्या मेहुण्याला गुण आला' या पुराव्याला उभे करत नाहीत.

तपासणीची पहिली पायरी मला भाषेच्या शिक्षकाला जवळची वाटते. ती म्हणजे नाव. उर्दूत कलौंजी, जुन्या तिब्बी किताबांत शोनीज, अरबीत हब्बतुस्सौदा. पण मराठी किराणा दुकानात 'काळे जिरे' मागा. एक दुकानदार कलौंजी देईल, दुसरा शहाजिरे देईल आणि तिसरा कडू काळी जिरी, जी आपल्याकडे जंतांवर देतात. तिन्ही वेगवेगळ्या वनस्पती आहेत. आठवीच्या वर्गात मी एकदा पांढऱ्या कागदावर कलौंजी आणि कांद्याचे बी शेजारी ठेवले होते. चव न घेता, हातातल्या भिंगाने निम्म्या मुलांना फरक सांगता आला नाही. 'ब्राह्मी'चेही तसेच. आपल्याकडे या एकाच नावाने दोन निराळ्या वनस्पती विकल्या जातात. त्यांतल्या एकीचे शास्त्रीय ग्रंथांतले नाव मंडूकपर्णी. ज्या वनस्पतीवर अभ्यास झाला तीच पुडीत आहे का, हे ठरल्याशिवाय पुढचे सगळे बोलणे व्यर्थ आहे. म्हणूनच प्रयोगशाळेत आधी दाणा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. मग तो जाळून राख मोजतात. आम्लात न विरघळणारी राख जास्त निघाली तर त्यात माती-वाळू मिसळलेली आहे, असे समजते.

दुसरी पायरी पोषणाची. इथे आकड्यांची फसवणूक फार सोपी असते. कलौंजीत शंभर ग्रॅममागे साधारण वीस ग्रॅम प्रथिने आणि तीस ते चाळीस ग्रॅम तेल असते. 'प्रथिनांचा खजिना' म्हणायला हे पुरे. पण शंभर ग्रॅम कलौंजी खातो कोण? चिमूटभर, म्हणजे दोन ग्रॅम घेतली तर प्रथिने मिळतात ०.४ ग्रॅम. त्यापेक्षा मूठभर चणे बरे.

शेवग्याच्या पाल्याचेही पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गाईच्या दुधाच्या अडीच पटींहून जास्त. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण शेवग्याच्या पावडरच्या डब्यावर जे 'सतरा पट, पंचवीस पट' छापलेले असते, त्यात वाळलेल्या पावडरची तुलना ताज्या दुधाशी आणि फळांशी केलेली असते. पाल्यात तीन चतुर्थांश पाणी असते. पाणी काढून टाकले की प्रत्येक आकडा चौपट फुगतो. पाच ग्रॅमचा चमचा म्हणजे जेमतेम वीस ग्रॅम ताजा पाला, आणि त्यात साठेक मिलिग्रॅम कॅल्शियम. शिवाय पानात असलेले सगळे कॅल्शियम आणि लोह शरीरात शोषले जात नाही. ज्या घरात दूध परवडत नाही, त्या घराला मी परसातल्या शेवग्याची भाजी आठवड्यातून दोनदा करा असे जरूर सांगेन. शेकडो रुपयांचा डबा घ्या असे सांगणार नाही.

तिसरी पायरी आरोग्याच्या गुणांची, आणि खरा गोंधळ इथे आहे. 'संशोधनाने सिद्ध' हे शब्द ऐकले की कुठल्या पायरीवर सिद्ध, असे विचारायला हवे. महाविद्यालयांत अँटिऑक्सिडंटची एक सोपी चाचणी करतात. जांभळ्या द्रावणात वनस्पतीचा अर्क टाकायचा, रंग फिका पडून पिवळा झाला की गुण आहे. चहानेही हा रंग उतरतो. परीक्षानळीत रंग बदलणे आणि पोटात गेलेल्या पदार्थाने आजार बरा होणे यांत फार मोठे अंतर आहे. पुढे उंदरांवरचे प्रयोग येतात. त्यांत दिलेली मात्रा पुष्कळदा इतकी असते की माणसाच्या वजनाच्या हिशेबाने ती चमच्याने नाही, वाटीने घ्यावी लागेल.

शेवटची पायरी माणसांवरच्या चाचणीची. एका गटाला औषध, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले काही. कोणाला काय मिळाले ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. कलौंजीचा वास इतका ठसठशीत की हे लपवणेच कठीण जाते. तरीही अशा चाचण्या झाल्या आहेत. त्या एकत्र पाहिल्या तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल थोडे उतरल्याचे दिसते. म्हणजे दाण्यात काहीतरी आहे. थायमोक्विनोन या त्यातल्या घटकावर जगभर काम चालू आहे. पण बहुतेक चाचण्या लहान आहेत, काही आठवड्यांच्या आहेत आणि कुठे पूड, कुठे तेल, कुठे अर्क दिलेला आहे. शिवाय बऱ्याच रुग्णांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या. 'गोळ्या सोडा आणि कलौंजी घ्या' असे त्यांतून निघत नाही. कॅन्सरच्या गाठी विरघळल्याचा माणसांमधला भरवशाचा पुरावा तर नाहीच. आणि साखर थोडी उतरवणारी वस्तू साखरेच्या गोळीबरोबर, त्यात रोजा असताना घेतली, तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. गुण खरा असेल तर धोकाही खरा असतो.

कोणी म्हणेल, प्रयोगशाळेत नेले की जडीबुटीची बरकत जाते. उलटे उदाहरण आपल्याच घरात आहे. सर्पगंधा, युनानीत असरोल. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने सलीमुज्जमान सिद्दीकी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात या मुळावर काम करू लागले. १९३१ मध्ये त्यांनी त्यातून वेगळ्या केलेल्या एका घटकाला हकीम साहेबांच्या नावावरून अजमलीन नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी उच्च रक्तदाबावरचा तिचा उपयोग नोंदवला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी पन्नास रुग्णांवरची पद्धतशीर चाचणी ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापली आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेसरपिन वेगळे झाले आणि ते रक्तदाबावरच्या सुरुवातीच्या आधुनिक औषधांपैकी एक ठरले. एक मुस्लिम हकीम, त्याच्याच धर्माचा रसायनशास्त्रज्ञ, दोन बंगाली डॉक्टर आणि एक पारशी डॉक्टर. मुळी एकच होती, तिची पारख सगळ्यांनी मिळून केली. त्याच पारखीतून हेही कळले की जास्त मात्रेने काही रुग्णांना तीव्र उदासी येते. मात्रा आणि दुष्परिणाम कळले, म्हणून ते औषध सावधपणे वापरता आले.

मग आज अडते कुठे? कायदा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणायुक्त उपचार कायद्यानुसार मधुमेह, कॅन्सर अशा आजारांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. तरी ती रोज आपल्या हातातल्या मोबाइलवर येते, आणि बऱ्याचदा आपणच ती पुढे पाठवतो. बाटलीवर युनानी औषधाचा परवाना क्रमांक असला की लोक निश्चिंत होतात. पण जुन्या मान्यताप्राप्त ग्रंथातला नुस्खा ग्रंथातल्याच उपयोगासाठी बनवायचा असेल, तर परवान्यासाठी माणसांवरच्या चाचणीचा पुरावा मागितला जात नाही. परवाना म्हणजे ते बनवायची परवानगी. गुणाची हमी त्यात नसते.

युनानी संशोधनाची केंद्रीय परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली, तिची एक संस्था मुंबईतही आहे. मुंबई, पुणे, मालेगाव, जळगाव, अक्कलकुवा इथे युनानी महाविद्यालये आहेत. त्यांच्याकडून माझी एक साधी अपेक्षा आहे. दरवर्षी आपापल्या शहरातल्या बाजारातून कलौंजीच्या, तिच्या तेलाच्या, शक्तिवर्धक माजूनच्या वीस-पंचवीस बाटल्या आणाव्यात. दाणा खरा आहे का, भेसळ आहे का, शिसे-पारा आहे का, एवढेच तपासावे आणि निकाल उर्दूत व मराठीत एका पानावर छापून मशिदीच्या फलकावर, शाळेत, ग्रंथालयात लावावा. विद्यार्थ्यांचा अभ्यासही होईल आणि प्रामाणिक हकीम व ठग यांच्यातला फरकही लोकांना दिसेल. या तपासणीचा सर्वांत मोठा फायदा प्रामाणिक हकिमांनाच आहे.

इमाम साहेबांनाही विनंती आहे. जुम्याच्या बयानात कलौंजीची फजीलत जरूर सांगा, पण त्याच दमात हेही सांगा की डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. प्रेषितांनी (स.) आजारी पडलात तर इलाज करा असे शिकवले आहे. इलाज टाळून यकीन सिद्ध करायला त्यांनी कुठे सांगितलेले नाही.

आणि आपण वाचकांनी काय करायचे? पुढचा संदेश आला की तीन प्रश्न विचारा: कुठली वनस्पती, किती मात्रेत, आणि कोणावर तपासली? उत्तर मिळाले नाही तर तो संदेश तिथेच थांबवा. सवाब त्यातही आहे. कलौंजी लोणच्यात घाला, नानवर भुरभुरा, मनाला बरे वाटत असेल तर मधातूनही चिमूटभर घ्या, आणि डॉक्टरला तसे सांगा. आजार पाठवणाऱ्याने त्याची दवाही पाठवली आहे, असे आपण मानतो. ती दवा कोणती आणि किती घ्यायची, हे शोधायचे काम मात्र त्याने माणसावर सोपवले आहे.