रोबोला कळतं, मालकाला नाही!

दिवाळीत खामगावला घरी गेलो, तर आईला घेऊन दिलेला व्हॅक्यूम रोबो दोन फूट जाऊन मागे फिरत होता. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "बोर्ड गेलाय, पुण्याला पाठवा."

नेटवर शोधून दोन बटणं दाबली, आतली टेस्ट चालू केली. दोष निघाला क्लिफ सेन्सरचा! तो खाली इन्फ्रारेड सोडतो. प्रकाश परतला नाही की पुढे पायरी आहे असं समजतो. काचेवर नुसती धूळ होती. फडक्याने पुसली, काम फत्ते.

आता बोला! यंत्राला स्वतःचं दुखणं कळतं, पण कंपनी मालकाला सांगत नाही. सरकारने २०२२ साली राइट टू रिपेअर पोर्टल काढलं. मग ही टेस्ट मॅन्युअलमध्ये का नाही? पैसे मोजलेत आम्ही, उपकार नकोत.