काम विसरलेल्या पेशी

बायोप्सीचा रिपोर्ट हाती पडला की नातेवाइकांची नजर आधी आकड्यावर जाते. ‘ग्रेड ३’ म्हणजे तिसरी स्टेज, असे समजून घर हादरते. वास्तविक स्टेज सांगते आजार किती पसरला. ग्रेड सांगते पेशी किती बिघडल्या. शेजारी ‘पूअरली डिफरन्शिएटेड’ असे लिहिलेले असते आणि गर्दीच्या ओपीडीत ते उलगडून सांगायला कुणाला सवड नसते.

निरोगी शरीरात पेशी काम शिकून पक्व होतात. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी चिकट स्राव करतात, त्वचेतल्या पेशी केराटिन बनवतात. पक्व झालेल्या बहुतेक पेशींचे विभाजन थांबते. कर्करोगात हे शिक्षण अर्धवट राहते किंवा पुसले जाते. पेशी काम सोडून नुसत्या वाढत राहतात. कधी कधी तर गाठ मूळ कोणत्या अवयवातली, हेही मायक्रोस्कोपखाली कळत नाही.

हा बिघाड दुरुस्त होऊ शकतो, हे रक्ताच्या एका कर्करोगाने दाखवले. ‘ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’मध्ये १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि पांढऱ्या पेशी अर्ध्या वाटेत अडकतात. शांघायचे डॉ. वांग झेनयी यांनी १९८५मध्ये एका लहान मुलीला ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध दिले. १९८८च्या त्यांच्या गटाच्या शोधनिबंधात २४पैकी २३ रुग्णांचा रोग केवळ या औषधाने ओसरला होता. औषधाने पेशी थेट मारल्या नव्हत्या. त्या पक्व होऊन आपल्या मरणाने मेल्या. नुसत्या ट्रेटिनॉइनवर आजार बहुधा उलटे. पुढे आर्सेनिकची, म्हणजे सोमलाची जोड मिळाली आणि आता कमी जोखमीचे बहुसंख्य रुग्ण केमोथेरपीशिवाय बरे होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर एकट्या आर्सेनिकवर रुग्ण बरे केले. (हे शुद्ध, मोजून दिलेले इंजेक्शन, वैदूच्या पुडीतला सोमल विषच.)

घन गाठींत असे यश क्वचितच मिळाले आहे. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमात याच कुळातले औषध वापरले जाते, तेही इतर उपचारांनंतर.

या ल्युकेमियात रुग्ण दगावतो तो बहुधा पहिल्या काही दिवसांत, रक्तस्रावाने. म्हणून रक्ताच्या स्लाइडवर संशय येताच, जनुकीय तपासणीची वाट न पाहता ट्रेटिनॉइन सुरू करावे, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. त्यासाठी स्लाइड वाचणारा जाणकार आणि या कॅप्सूलचा साठा जिल्हा रुग्णालयातच हवा. मोठ्या शहराकडे धावणाऱ्या रुग्णवाहिकेत ते दिवस निघून जातात.